आडनाव बदललं तरी माणूस सापडतो

अमेरिकेतला वसाहतकाळातला पूर्वज शोधायचा असेल, तर ‘एलिस आयलंडवरच्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं’ ही गोष्ट आधी बाजूला ठेवा. न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं ते केंद्र उघडलं १८९२ साली. अशा पूर्वजाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

शोध अलीकडून मागे न्यायचा. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं; त्यामागे करयाद्या, खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि चर्चची पुस्तकं.

पूर्वज न्यूयॉर्क भागातला डच असेल तर १६६४ मध्ये इंग्रज येईपर्यंत, आणि पुढेही बरीच वर्षं, कायमचं आडनाव असेलच असं नाही. यान हेंड्रिक्सेनचा मुलगा पीटर यान्सेन, म्हणजे यानचा मुलगा पीटर. पुढे एक भाऊ यान्सेनच राहतो, दुसरा गावावरून ‘व्हॅन’ लावतो. इथे डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी फार कामाच्या: आईचं माहेरचं नाव मिळतं, साक्षीदार बहुधा नात्यातलेच असतात.

पेनसिल्व्हेनियातला जर्मन असेल तर १७२७ पासूनच्या फिलाडेल्फिया बंदरातल्या याद्या पाहा. एकेका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असतात: एक कप्तानाची, दोन ब्रिटिश राजाशी निष्ठेच्या शपथेच्या. कप्तानाच्या यादीत ऐकू आलं तसं लिहिलेलं. शपथेच्या यादीत लिहिता येणाऱ्यांची स्वतःची सही. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांचीच होती, त्यामुळे बायकामुलं तिथे शोधू नका.

उच्चार बदलला तर श्नायडरचा स्नायडर होतो, भाषांतर झालं तर टेलर, त्सिमरमनचा कार्पेंटर. साउंडेक्स, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून सारख्या उच्चाराच्या नावांना एकच कोड देणारा शोध, पहिली जोडी पकडतो, कारण दोन्ही एस-५३६. पण कोख आणि कुक तो जुळवत नाही: इंग्रजीतलं पहिलं अक्षर एकदा ‘के’, एकदा ‘सी’. भाषांतर तर त्याला कळतच नाही.

म्हणून भिस्त जमिनीवर. घेताना त्सिमरमन आणि विकताना कार्पेंटर असेल, पण एकर तेवढेच, ओढा तोच, शेजारी तेच आणि बायकोचं नावही तेच, तर माणूस एकच. विक्रीच्या खतात जमीन मुळात कुणाकडून आली हेही बरेचदा लिहिलेलं असतं; तो परिच्छेद कंटाळवाणा म्हणून सोडू नका. मात्र नोंदवहीतली सही ही कारकुनानं उतरवलेली नक्कल असते. खरी सही हवी तर काउंटीकडे, म्हणजे जिल्हा कचेरीकडे, मूळ मृत्युपत्राची फाइल मागा. वर इंग्रजी नाव आणि खाली जर्मन सही असा एकच कागद मिळाला, तर अर्धं काम झालं.

तारखांतही फसगत होते. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न एप्रिल १७३१ आणि बाळ फेब्रुवारी १७३१ दिसलं, तर बाळ लग्नाआधीचं नाही. दहा महिन्यांनंतरचं आहे. अशी नोंद १७३१/३२ लिहा, आणि नाव कागदावर आहे तसंच उतरवा, सुधारू नका.