मोठ्या हॉटेलात नाश्त्याला जाताय? या चुका टाळा

नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात मी अकरा वर्षं सकाळच्या शिफ्टला कॅप्टन, म्हणजे वेटर मंडळींचा प्रमुख होतो. साडेसहापर्यंत बुफे लावून घ्यायचा, सातला दार उघडायचं, साडेदहाला आवरायला घ्यायचं. रोज तेच चार-पाच घोळ बघितले. त्यातले बरेचसे आदल्या रात्रीच्या एका फोनने टळले असते, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक उपासाची. आमच्याकडे उतरणारे बरेच पाहुणे त्र्यंबकेश्वर, पंचवटी नाहीतर शिर्डीसाठी आलेले. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी असली की टेबलावर एकजण तरी उपासाचा असायचाच. पण आम्हाला ते कळायचं सकाळी साडेआठला, पाहुणे ताटली हातात घेऊन उभे असताना.

एकदा तिसरा श्रावणी सोमवार होता. ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे रविवारपासूनच गर्दी. नागपूरहून आलेलं सात जणांचं कुटुंब बसलं, मुलांनी डोसे सांगितले. आजींनी मला हाक मारली, "बाळा, साबुदाण्याची खिचडी आहे का रे?" नव्हती. त्यांचा मुलगा म्हणाला, "एवढं मोठं हॉटेल आणि दहा मिनिटांत खिचडी होत नाही?" होते ना, पण साबुदाणा भिजलेला असेल तर. धुऊन, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात तो चार-पाच तास तरी मुरावा लागतो. दाणा चिमटीत दाबला की सहज मोडला पाहिजे. त्या दिवशी किचनमधल्या एका नव्या मुलाने घाईघाईत साबुदाण्यावर उकळतं पाणी ओतलं. कढईत नुसता चिकट गोळा झाला, आणि गोळ्यात दाणे कच्चेच. मी तो बाहेर जाऊ दिला नाही. स्वयंपाकातल्या असल्या आडवाटांचा मला मनापासून राग आहे.

मग कापलेली फळं नेली. आजींनी विचारलं, "ही सुरी कांद्याला लागलेली नाही ना?" मला खात्रीने सांगता येईना, आणि कुणाच्या उपासाच्या बाबतीत अंदाजाने "नाही" म्हणणं मला पटत नाही. शेवटी सालासकट केळी आणि पेलाभर गरम दूध दिलं. आजी शांतपणे दूध प्यायल्या. त्यांच्याकडे बघत बसलेल्या मुलांचे डोसे समोर मऊ पडले. त्या सकाळचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून श्रावणातल्या रविवारी आणि एकादशीच्या आदल्या दिवशी मी घरी निघताना रात्रपाळीच्या वहीत लिहून जायचो, "साबुदाणा एक किलो भिजवणे." पण तुमच्या हॉटेलात असं कुणी लिहून ठेवलं असेल, या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळीच रिसेप्शनला सांगा, आणि नीट सांगा: किती जण, साधं मीठ चालतं की सैंधव, तूप की शेंगदाण्याचं तेल, कोथिंबीर चालते का, कढई वेगळी हवी का. जैन मंडळींनीही तसंच करावं. तयार पोह्यांतून कांदा-बटाटा वेचून जैन पोहे होत नाहीत. ते पहिल्यापासून वेगळे करायला लागतात.

त्र्यंबकला पहाटे निघणाऱ्यांची दुसरी चूक. बुकिंग सीपी प्लॅनवर असतं, म्हणजे नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला. हे साडेचारला उठून निघतात, सोमवारच्या रांगेत अडकतात आणि साडेअकराला येऊन नाश्ता मागतात. त्र्यंबक नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटर. जाण्यायेण्यात फार वेळ जात नाही, जातो तो रांगेत. रात्रीच पॅक नाश्ता सांगून ठेवा. सँडविच, अख्खी फळं, ज्यूस असं काहीतरी डब्यात भरून बहुतेक मोठी हॉटेलं देतात.

आता मिसळ. बुफेत मटकीची उसळ, रस्सा, फरसाण, कांदा सगळं वेगवेगळं मांडलेलं असतं. लोक वाडग्यात फरसाण घेतात, त्यावर रस्सा ओततात आणि तसेच डोशाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. टेबलावर येईपर्यंत शेवेचा लगदा झालेला असतो, आणि नाव हॉटेलचं खराब. मी घरीसुद्धा रस्सा वेगळ्या वाटीत घेतो. खाली उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू, आणि रस्सा बसल्यावर थोडाथोडा. तर्री हवी तर पळी वरच्यावर अलगद फिरवा, तळातून ढवळू नका, मागच्यालाही तर्री मिळू दे. नाशिकमध्ये मिसळीबरोबर पापड असतो, मांडलेला नसेल तर मागून घ्या. बुफेचा रस्सा बाहेरगावच्या पाहुण्यांचा विचार करून बेताचा तिखट ठेवतात. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा हवा असेल तर दुसऱ्या दिवशी सरळ मिसळीच्या दुकानात जा, त्याला पर्याय नाही.

ताट भरण्याआधी एक चक्कर मारा. डोसा आणि ऑम्लेट आधी सांगून ठेवा, तोवर फळं खा.

पोहे, इडली शेफिंग डिशमध्ये, म्हणजे बुफेतल्या गरम ठेवायच्या झाकणाच्या भांड्यात, अर्धा तास राहिले की कडेने सुकतात. ताजी खेप कधी येतेय ते विचारा, विचारल्याचा कुणालाही राग येत नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत, म्हणून झाकण उघडं टाकून पुढे जाऊ नका.

बुफेतलं काही डब्यात भरून नेऊ नका. खोलीतल्या पातळ चपला घालून खाली येऊ नका, ओल्या फरशीवर त्या सटकतात.

मुक्काम नसताना नुसत्या नाश्त्याला जाणाऱ्या नाशिककरांनी दर विचारताना "टॅक्स धरून किती" असंच विचारावं. खोलीचं भाडं ७५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेर ५ टक्के. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. बिलात दिसला तर काढायला सांगा. वाढणाऱ्या मुलाला काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

आणि रविवारी सव्वादहाला दहा जणांना घेऊन येऊ नका. साडेसात ते आठ ही माझ्या मते सर्वांत चांगली वेळ. तवा तापलेला असतो, इडलीची पहिली खेप नुकती उतरलेली असते, आणि चहा कसा हवा ते विचारायला आम्हाला सवड असते.