बुहर्टच्या हेल्मेटचं पॅडिंग कसं बसवायचं

बुहर्ट म्हणजे खरं चिलखत घालून बोथट हत्यारांनी लढायचा खेळ. त्याचं हेल्मेट आलं की लगेच घालून सुटू नका, आधी आतलं पॅडिंग बघा. डोकं आणि पत्रा यांच्यात चहूबाजूंनी साधारण दोन बोटं जाडीचं पॅडिंग हवंच, आणि फोम क्लोज्ड सेलचा (आतले बुडबुडे बंद असलेला, पाणी न शोषणारा) घ्या, गादीतला स्पंज घाम पितो आणि फटक्याला पार चपटा होतो.

मग हनुवटीचा पट्टा आवळून हेल्मेट हाताने गदागदा हलवा, डोकं जागेवर आणि डोळ्यांची फट कानाकडे गेली तर कानशिलाजवळ आणि मागे मानेच्या वर तुकडे भरा. दहा मिनिटांत एकाच जागी ठणकायला लागलं की तिथला फोम थोडा तासा, अख्खा काढू नका. हनुवटी पत्र्याला टेकता कामा नये. आणि छातीच्या चिलखताचं माप गॅम्बेसन (चिलखताखाली घालायचा जाड, गादीदार अंगरखा) घालूनच द्या, नुसत्या टीशर्टवर दिलंत तर मेलात!