बोर्ड ६०० मेगाहर्ट्झवरच अडकलाय? फ्रिक्वेन्सी स्केलिंग करताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’), बीगलबोन, ऑरेंज पाय अशा छोट्या बोर्डांवर प्रोसेसरचा क्लॉक कामाप्रमाणे वर-खाली होत नसेल, तर बहुतेक जण पहिल्यांदा गव्हर्नरला, म्हणजे किती वेग हवा हे ठरवणाऱ्या लिनक्स कर्नलच्या भागाला, हात घालतात. ‘परफॉर्मन्स’ लिहून बघतात, मग ‘ऑनडिमांड’, मग ‘शेडयुटिल’. फरक काहीच पडत नाही, कारण गव्हर्नर फक्त मागणी करतो. ती मागणी ड्रायव्हरने उचलायची असते, ड्रायव्हरने क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही हलवायचे असतात, आणि पायवर तर या सगळ्यांच्या खाली फर्मवेअर बसलेलं असतं. लिनक्सने १५०० मेगाहर्ट्झ मागितले तरी ते ६०० देऊ शकतं. त्यामुळे तपास खालून वर करायचा. गव्हर्नरचा नंबर शेवटी.

ड्रायव्हर चढलाय का, हे न बघणं

/सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूफ्रेक या फोल्डरात ‘पॉलिसी०’ आहे का ते बघा. फोल्डर रिकामा असेल तर गव्हर्नरवर वेळ घालवू नका, ड्रायव्हरच चढलेला नाही. ‘पॉलिसी०’ असेल तर त्यातल्या स्केलिंग_ड्रायव्हर, स्केलिंग_अव्हेलेबल_फ्रिक्वेन्सीज आणि स्केलिंग_अव्हेलेबल_गव्हर्नर्स या तीन फाइली वाचा. बहुतेक आर्म बोर्डांवर ड्रायव्हरचं नाव ‘सीपीयूफ्रेक-डीटी’ दिसेल.

कर्नल स्वतः बांधत असाल तर फक्त सीपीयूफ्रेक-डीटी चालू करून भागत नाही. पायसाठी कर्नल ५.३ पासून ‘रास्पबेरीपाय-सीपीयूफ्रेक’ हा छोटा ड्रायव्हर सोबत लागतो. बीगलबोन ब्लॅकला ‘टीआय-सीपीयूफ्रेक’ लागतो. तो चिपमधला ई-फ्यूज (कारखान्यात चिपवर कायमची लिहिलेली नोंद) वाचून ठरवतो की या चिपला कोणत्या फ्रिक्वेन्सी झेपतील. यादीत १००० मेगाहर्ट्झ दिसत नसेल तर डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय-काय आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) खोदण्याआधी चिपवर छापलेला स्पीड ग्रेड वाचा.

सगळं चालू असूनही फोल्डर रिकामाच असेल, तर सगळ्यात जास्त वेळा कारण रेग्युलेटरमध्ये सापडतं. ऑरेंज पाय पीसीवर सीपीयूला एसवाय८१०६ए हा रेग्युलेटर व्होल्टेज देतो आणि तो आयटूसी या दोन तारांच्या बसवर बसतो. त्याचा ड्रायव्हर किंवा त्या आयटूसी बसचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल, तर सीपीयूफ्रेक-डीटी त्याची वाट बघत थांबतो आणि थेट एरर देत नाही. डीबगएफएस (कर्नलची तपासणीसाठीची फाइल सिस्टिम) माउंट करून ‘डिव्हाइसेस_डिफर्ड’ ही फाइल वाचा. अडकलेल्या डिव्हाइसचं नाव तिथे मिळतं. हे दोन्ही ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधलेले बरे.

व्होल्टेजचा तक्ता अर्धवट लिहिणं

खरी बचत व्होल्टेज कमी करण्यात असते. प्रोसेसरची स्विचिंगमध्ये जाणारी पॉवर फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलते. बीगलबोन ब्लॅकचे आकडे घ्या: १००० मेगाहर्ट्झला १.३२५ व्होल्ट आणि ३०० मेगाहर्ट्झला ०.९५ व्होल्ट. नुसता क्लॉक खाली आणला तर ही पॉवर ३० टक्क्यांवर येते, पण तेवढंच काम करायला वेळ तिपटीहून जास्त लागतो, म्हणजे त्या कामामागची ऊर्जा तेवढीच राहते. व्होल्टेजही खाली आलं तर पॉवर साधारण १५ टक्क्यांवर येते आणि कामामागची ऊर्जा जवळपास निम्मी होते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात या फरकाला फार किंमत आहे.

हे जमण्यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये सीपीयूच्या नोडला ‘सीपीयू-सप्लाय’ दिलेला हवा. तो विसरला तर ड्रायव्हर तक्रार करत नाही. व्होल्टेज आपल्या हातात नाही असं समजून तो फक्त क्लॉक हलवतो. बूटलोडरने व्होल्टेज १.१ वर सोडलं असेल आणि ऑरेंज पायवरच्या एच३ चिपला १००८ मेगाहर्ट्झसाठी १.२ व्होल्ट लागत असतील, तर मोठा प्रोग्राम कंपाइल करताना कुठेही सेगमेंटेशन फॉल्ट येतात, दर वेळी वेगळ्या जागी. लोक रॅमला दोष देतात, एसडी कार्ड बदलतात. आधी फ्रिक्वेन्सी ८१६ वर बांधून तेच काम करून बघा. फॉल्ट थांबले तर संशय व्होल्टेजवर.

दुसरी चूक व्होल्टेजचा एकच आकडा लिहिण्याची. ऑरेंज पाय वनवर रेग्युलेटर जीपीआयओने (चिपच्या चालू-बंद होणाऱ्या एका पिनने) बदलतो आणि त्याला १.१ आणि १.३ व्होल्ट अशा दोनच पायऱ्या आहेत. एच३ च्या तक्त्यात (यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक ओपीपी, फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजची जोडी) ६४८ मेगाहर्ट्झला १.०४ व्होल्ट लिहिले आहेत. हा एकच आकडा दिलात, तर कर्नल रेग्युलेटरला बरोबर १.०४ मागेल. तो ते देऊ शकत नाही, म्हणून ती ओळ तक्त्यातून गळते आणि लॉगमध्ये ‘रेग्युलेटरला हे ओपीपी झेपत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. उपाय तीन आकड्यांचा: हवं ते, किमान आणि कमाल. मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ही ओळ १०४००००, १०४००००, १३००००० अशी मायक्रोव्होल्टमध्ये आहे. आता १.१ व्होल्ट या मर्यादेत बसतं आणि ओळ टिकते.

फ्रिक्वेन्सी लिहितानाही जपा. ‘ओपीपी-एचझेड’ ची किंमत ६४ बिटची असते. आधी ‘/बिट्स/ ६४’ लिहायचं राहिलं तर आकडा चुकीचा वाचला जातो. आणि चारही कोअर एकाच क्लॉकवर असतील, जसे एच३ मध्ये आहेत, तर तक्त्यात ‘ओपीपी-शेअर्ड’ हवंच. ते नसेल तर पॉलिसी० ते पॉलिसी३ असे चार फोल्डर दिसतात, चार गव्हर्नर एकाच क्लॉकची ओढाताण करतात आणि रिकामा बसलेला कोअर कामात असलेल्याचा वेग खाली पाडतो.

बोर्ड कमाल फ्रिक्वेन्सीवर बांधला की तासन् तास चालतो, पण ऑनडिमांड लावला की लटकतो? असं असेल तर बिघाड एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जाण्याच्या क्षणात आहे. वर जाताना आधी व्होल्टेज, मग क्लॉक. खाली येताना आधी क्लॉक, मग व्होल्टेज. हा क्रम कर्नल पाळतो, पण रेग्युलेटरला वर चढायला किती वेळ लागतो हे त्याला ‘रेग्युलेटर-रॅम्प-डिले’ मधूनच कळतं. तो आकडा रेग्युलेटरच्या डेटाशीटमधून घेऊन लिहा.

पायवर फर्मवेअरचं म्हणणं न ऐकणं

पाय ४ वर स्केलिंग_कर_फ्रेक १५००००० दाखवत असेल आणि तरी काम संथ चालत असेल, तर ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_क्लॉक आर्म’ ही फर्मवेअरला विचारणारी कमांड चालवा. स्केलिंग_कर_फ्रेक म्हणजे लिनक्सने काय मागितलं. मेझर_क्लॉक म्हणजे प्रत्यक्षात काय मिळतंय. दोन्ही आकडे जुळत नसतील तर लगेच ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा.

उत्तर ०एक्स० असेल तर प्रश्नच नाही. ०एक्स५०००५ आलं तर शेवटचा ५ आत्ताची स्थिती सांगतो: १ म्हणजे व्होल्टेज कमी, ४ म्हणजे वेग दाबलेला, दोन्ही मिळून ५. डावीकडचा ५ सांगतो की बूट झाल्यापासून हे दोन्ही घडलेलं आहे. ०एक्स५०००० असेल तर आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. शेवटी २ म्हणजे फ्रिक्वेन्सीला वरून मर्यादा लागली आहे, ८ म्हणजे तापमानाची सौम्य मर्यादा लागली आहे. ३बी प्लसवर ही सौम्य मर्यादा ६० अंशांना लागते आणि १४०० चे १२०० होतात.

व्होल्टेजची सीमा सुमारे ४.६३ व्होल्ट आहे. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि जाता-येता मिळून ०.३ ओहम रोध असलेली बारीक केबल घ्या. दीड अँपिअरला ०.४५ व्होल्ट केबलमध्येच जातात आणि बोर्डापर्यंत ४.५५ पोचतात. चार्जरवर ३ अँपिअर छापलेले असले तरी केबल तीच राहिली तर उपयोग नाही. केबल आखूड आणि जाड घ्या. पायचा अधिकृत सप्लाय ५.१ व्होल्टचा असतो तो याचसाठी.

उष्णतेचं गणितही असंच सरळ आहे. फर्मवेअर ८० अंशांपासून वेग कमी करायला लागतं. मे महिन्यात विदर्भात हवाच ४५ अंशांवर असते. बंद प्लास्टिकच्या डब्यात, उन्हाच्या भिंतीवर लावलेल्या बोर्डाला मग ३५ अंशांचीही सवलत उरत नाही. तिथे हीटसिंक आणि डब्याला वर-खाली भोकं, एवढं किमान हवंच.

आणि ‘फोर्स_टर्बो=१’ हा उपाय नव्हे. त्याने किमान आणि कमाल फ्रिक्वेन्सी एकच होते, म्हणजे स्केलिंग बंदच पडतं. पायचं फर्मवेअर वाचतं त्या कॉन्फिग.टीएक्सटी फाइलमध्ये, ती कुठूनतरी कॉपी केलेली असेल तर, ही ओळ हमखास सापडते. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल /बूट/फर्मवेअर फोल्डरात गेली आहे. जुन्या जागी केलेला बदल लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

गव्हर्नर: नावावरून अर्थ लावणं

लॅपटॉपवर इंटेलच्या ड्रायव्हरसोबत ‘पॉवरसेव्ह’ असतानाही वेग वर जातो. सीपीयूफ्रेक-डीटीवर पॉवरसेव्ह म्हणजे कायम किमान फ्रिक्वेन्सी. पायच्या कर्नलच्या मूळ कॉन्फिगमध्ये बरीच वर्षं हाच डीफॉल्ट होता आणि रास्पबेरी पाय ओएसची सुरुवातीची स्क्रिप्ट तो बदलून ऑनडिमांड करायची. बिल्डरूट किंवा योक्टो या साधनांनी स्वतःची लिनक्स इमेज बनवली की ती स्क्रिप्ट नसते, म्हणून पाय ४ जन्मभर ६०० वर राहतो. कर्नल ५.९ किंवा पुढचा असेल तर बूटच्या ओळीत ‘सीपीयूफ्रेक.डीफॉल्ट_गव्हर्नर=ऑनडिमांड’ जोडा.

गव्हर्नर किंवा फ्रिक्वेन्सी बदलायला ‘सुडो इको’ करून फाइलमध्ये वळवलं तर परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडण्याचं काम तुमचा साधा शेल करतो, सुडो नाही. इकोचं आउटपुट ‘सुडो टी’ कडे पाठवा. आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात, ६०० मेगाहर्ट्झ म्हणजे ६०००००. आणि हा बदल रीबूटला पुसला जातो, त्यामुळे तो सिस्टिमडीच्या टीएमपीफाइल्समध्ये किंवा बूटच्या ओळीत लिहा. दोन्हीकडे वेगवेगळा लिहिलात तर नंतर चालणाऱ्याचं खरं होतं.

ऑनडिमांड नीट असूनही एसएसएच अडखळत असेल तर ‘अप_थ्रेशोल्ड’ (किती टक्के भारानंतर वेग वाढवायचा तो आकडा) बघा. बऱ्याच कर्नलांत तो ९५ असतो, छोट्या झटक्यांचं काम तिथपर्यंत पोचतच नाही. ५० करून बघा. मोटर कंट्रोलसारख्या कामात मात्र थेट परफॉर्मन्स लावा, कारण तिथे वेग बदलतानाचा विलंबही नडतो.

बघता बघता मोजमाप बिघडवणं

‘वॉच’ लावून दर पाव सेकंदाला फ्रिक्वेन्सी वाचली, तर ते वाचणं हाच कोअरवर भार होतो आणि वेग कायम वर दिसतो. त्याऐवजी पॉलिसी० मधल्या स्टॅट्स फोल्डरातली टाइम_इन_स्टेट फाइल वाचा, ६० सेकंद थांबा, पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. दुसरा स्तंभ १० मिलिसेकंदांच्या एककात असतो, म्हणजे सगळ्या फरकांची बेरीज ६००० च्या आसपास यायला हवी.

क्लॉक खरंच हलतोय का, याची खात्री करायला पाय ४ वर किमान आणि कमाल दोन्ही ६००००० करून ‘ओपनएसएसएल स्पीड एसएचए२५६’ चालवा, मग दोन्ही १५००००० करून पुन्हा चालवा. हे काम कॅशमध्येच होतं, त्यामुळे आकडा जवळपास अडीच पट व्हायला हवा. तेवढाच राहिला तर सिसएफएस (/सिस खालच्या फाइली) काहीही सांगो, क्लॉक हललेला नाही. चाचणीच्या मधे स्केलिंग_मॅक्स_फ्रेक आपोआप खाली आलेला दिसला तर ते कर्नलच्या थर्मल फ्रेमवर्कचं काम आहे.

सीरियल कन्सोलवर कचरा

पाय ३ वर स्केलिंग चालू झाल्यावर सीरियल कन्सोलवर विचित्र अक्षरं येऊ लागली तर केबल बदलू नका. ब्लूटूथने चांगला यूआर्ट (सीरियल पोर्टचं सर्किट) घेतलेला असतो आणि कन्सोल मिनी यूआर्टवर येतो. त्याचा बॉड रेट कोअर क्लॉकवरून ठरतो आणि तो क्लॉक भाराबरोबर बदलतो. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘एनेबल_यूआर्ट=१’ लिहिलं की कोअर क्लॉक २५० मेगाहर्ट्झवर बांधला जातो आणि अक्षरं सरळ येतात. एसपीआयचा क्लॉकही याच कोअर क्लॉकमधून निघतो. एसपीआयवरचा डिस्प्ले मधेच बिघडत असेल तर तिथेही आधी हेच तपासा.