ऑटोकॅडमधून इलस्ट्रेटरमध्ये प्लॅन नेताय? या चुका टाळा

जुरीच्या (कॉलेजातल्या कामाच्या परीक्षणाच्या) आदल्या रात्री प्लॅन ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून उचलायचा, इलस्ट्रेटर या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा आणि पहाटेपर्यंत तुटक्या रेघा जोडत बसायचं, हे आर्किटेक्चर आणि इंटिरियरच्या मंडळींना काही नवीन नाही. इलस्ट्रेटर नीट येत नाही म्हणून असं होतं, असं अनेकांना वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा ऑटोकॅडमध्येच असतं. तिथे काही मिनिटांत उरकणारी साफसफाई न करता फाइल पुढे ढकललेली असते.

डीडब्ल्यूजी थेट उघडणं

डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल. ऑटोकॅडमध्ये आपण खऱ्या मापात काढतो. इलस्ट्रेटरच्या नेहमीच्या आर्टबोर्डची (कामाच्या पानाची) बाजू जास्तीत जास्त २२७.५४ इंच, म्हणजे सुमारे ५.७८ मीटर असते. १२ मीटर लांबीचा बंगला त्यात खऱ्या मापाने मावणार नाही. मग उघडताना ‘फिट टू आर्टबोर्ड’ निवडलं जातं. ड्रॉइंग छान दिसतं, पण स्केल हातचं जातं आणि शीटवर १:१०० लिहिणं खोटं ठरतं.

त्यापेक्षा ऑटोकॅडच्या लेआउटमध्ये (छपाईच्या पानावर) व्ह्यूपोर्टला, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीला, स्केल द्या आणि तिथून पीडीएफ प्लॉट करा. इलस्ट्रेटरमध्ये उघडल्यावर सर्वांत आधी एक भिंत मोजा. २३० मिलिमीटरची भिंत १:१०० ला २.३ मिलिमीटर आणि १:५० ला ४.६ मिलिमीटर भरली पाहिजे. भरली नाही, तर तिथेच थांबा आणि प्लॉट सेटिंगमध्ये ‘फिट टू पेपर’वर टिक राहिली आहे का ते बघा.

मोजतानाही एक गफलत होते. प्रेफरन्समध्ये ‘यूज प्रिव्ह्यू बाउंड्स’ चालू असेल, तर इलस्ट्रेटर रेघेची जाडीही मापात धरतो. १०० मिलिमीटरच्या चौकोनाला १ पॉइंटची रेघ असेल, तर आकडा १००.३५३ दिसतो. चौकोन बरोबरच असतो, सेटिंग तेवढं बंद करा.

सर्व्हेच्या ड्रॉइंगची अडचण वेगळी. ते यूटीएम कोऑर्डिनेट्सवर (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशाच्या आकड्यांवर) बसवलेलं असेल, तर महाराष्ट्रात उत्तरेचा आकडा साधारण १७ ते २५ लाख मीटरच्या घरात असतो. ड्रॉइंग शून्यापासून इतकं दूर असलं की डीडब्ल्यूजी इंपोर्टमध्ये ते आर्टबोर्डबाहेर कुठेतरी पडतं किंवा फाइल उघडतच नाही. फाइलची प्रत काढून ड्रॉइंग ०,० जवळ आणा. मूळ फाइल मात्र हलवू नका.

रंग भरत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. ऑटोकॅडमधली भिंत म्हणजे बऱ्याचदा चार सुट्या रेघा. आपल्या डोळ्यांना ती बंद आकृती वाटते, पण इलस्ट्रेटरला ते चार वेगळे पाथ (रेघा) दिसतात. फिल (आतला रंग) दिला की भिंत कोरीच राहते आणि दाराच्या कमानीत भलताच तुकडा रंगतो, कारण उघड्या पाथची दोन टोकं सरळ जोडली आहेत असं समजून तो रंग भरतो.

इथे ‘जॉइन’ करत बसू नका. ऑटोकॅडमध्ये परत जा, ‘ओव्हरकिल’ चालवून एकावर एक बसलेल्या रेघा काढा. मग नवीन लेयर करा, ‘बाउंडरी’ कमांड द्या आणि भिंतींच्या आत व खोल्यांच्या आत क्लिक करत जा. प्रत्येक क्लिकला एक बंद पॉलीलाइन (सलग जोडलेली रेघ) मिळते. हॅचचे (आतल्या नक्षीच्या रेघांचे) लेयर प्लॉटच्या आधी बंद करा. विटांचा किंवा टाइल्सचा हॅच हजारो सुट्या रेघा बनून येतो आणि मशीन अडकतं. तो इलस्ट्रेटरमध्ये पॅटर्न म्हणून भरणं केव्हाही सोपं.

पीडीएफमधून आणलेलं ड्रॉइंग अनेकदा एकाच लेयरमध्ये येऊन पडतं. त्यावर जुनी पण खात्रीची युक्ती आहे: प्लॉट करताना ‘मोनोक्रोम’ची सीटीबी (सगळ्या रेघा काळ्या छापणारी प्लॉट सेटिंगची फाइल) न लावता रंग तसेच ठेवा, आणि प्रत्येक लेयरचा रंग वेगळा असू द्या. मग इलस्ट्रेटरमध्ये एक रेघ निवडून ‘सिलेक्ट, सेम, स्ट्रोक कलर’ केलं की तो अख्खा लेयर हाती येतो. जाडी बदला, नवीन लेयरवर टाका. रेघ शेवटी काळी करताना फक्त के १०० (एकटी काळी शाई) ठेवा. आरजीबीतला काळा छपाईसाठी बदलला की चारही शाया एकावर एक येतात आणि ऑफसेटवर बारीक रेघ फाटल्यासारखी दिसते.

हाताच्या सवयी

सरळ रेघेसाठी ऑटोकॅडच्या एफ ८ ऐवजी इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट, नेमक्या बिंदूला चिकटवणाऱ्या ओस्नॅपऐवजी कंट्रोल-यूने स्मार्ट गाइड्स. वस्तू निवडून सिलेक्शन टूल हातात असताना एंटर दाबलं की नेमक्या मापाने सरकवायची खिडकी उघडते. ‘स्नॅप टू पिक्सेल’ बंद ठेवा, नाहीतर मापं उगाच सरकतात. ‘ऑफसेट पाथ’ मात्र फसवतो. उघड्या रेघेला दिला, तर समांतर रेघ मिळत नाही, तिच्याभोवती बंद आकृती तयार होते. समांतर रेघा हव्याच असतील, तर त्या ऑटोकॅडमध्येच काढा.

शीट ए१ वरून ए३ ला नेताना ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ०.१३ मिलिमीटरची रेघ ०.०६५ होते, आणि प्रिंटमध्ये ती पुसट येते किंवा दिसतच नाही.

प्लॅन बदलला की सगळं पुन्हा

क्लायंट टॉयलेट हलवायला सांगणार, हे गृहीत धरूनच फाइल बांधा. रेघांची पीडीएफ उघडून घेण्याऐवजी ती ‘प्लेस’ने लिंक करून वरच्या लेयरवर लॉक करा. खालच्या लेयरवर बाउंडरीच्या आकृत्या आणून त्यात रंग भरा. झाडं आणि सावल्या त्यांच्या वेगळ्या लेयरवर. बदल आला की त्याच लेआउटमधून, त्याच नावाने पीडीएफ पुन्हा प्लॉट करा आणि लिंक अपडेट करा. रेघा जिथल्या तिथे बसतात, आणि हलवलेल्या टॉयलेटपुरताच रंग पुन्हा भरावा लागतो.