पट्टीचे नियम जावास्क्रिप्टमध्ये, ब्राउझरशिवाय

सांगलीच्या हळद बाजारातल्या अडत्यांसाठी विंडोज सॉफ्टवेअर करत असाल तर पट्टीतले, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबातले, हमाली, तोलाई, अडतीचे नियम कोडमध्ये पक्के बांधू नका. दर बदलला की नवा सेटअप घेऊन पेढीवर धावावं लागतं. हे नियम छोट्या जावास्क्रिप्ट फाइलीत ठेवा. त्यासाठी अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत द्यायची गरज नाही, नुसतं जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन पुरतं.

डॉटनेटमध्ये काम असेल तर जिंट हे इंजिन घ्या. नुगेट या डॉटनेटच्या पॅकेज-भांडारातून मिळतं, वेगळी नेटिव्ह डीएलएल लागत नाही. सी किंवा सी प्लस प्लस असेल तर क्विकजेएस. जावावाल्यांनी जुन्या लेखांतलं नॅशहॉर्न इंजिन शोधू नये, ते जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) १५ मध्ये काढून टाकलंय, ग्रालजेएस वापरा.

एक लक्षात घ्या, इथे 'विंडो', 'डॉक्युमेंट', 'अलर्ट' काहीच नसतं. ते ब्राउझरचं देणं, भाषेचं नव्हे. स्क्रिप्टला जे लागेल ते तुम्हीच द्यायचं: जिंटमध्ये 'सेटव्हॅल्यू'ने वजन, दर, पोती एवढंच द्या. डेटाबेसचं कनेक्शन कधीही देऊ नका. वेळेची मर्यादाही लावाच, नाहीतर एखादं न संपणारं लूप ऐन सौद्याच्या वेळी स्क्रीन गोठवेल.

आणि पैसे? जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. शेतकऱ्याच्या पट्टीत एक पैसाही चुकायला नको. म्हणून रकमा पैशांत, पूर्णांकात पाठवा, टक्केवारी काढली की तिथेच पूर्णांक करून घ्या आणि रुपये फक्त छापताना करा.