परीक्षेआधी गणिताची उजळणी, पुस्तक मिटून

माझ्याकडे गणिताला येणारी सहावी ते आठवीची मुलं परीक्षा जवळ आली की एकच वाक्य बोलतात. "बाई, सगळं समजतं, पण पेपरात येत नाही." मी वही मागते. वहीत उदाहरणं नेटकी सोडवलेली असतात, उत्तराला चौकट, खाली पट्टीने मारलेली रेघ. मग वही माझ्याकडे ठेवून त्यातलंच एक उदाहरण मी कोऱ्या कागदावर देते, आणि दुसऱ्या पायरीवर पेन थांबतं.

सोडवलेलं उदाहरण वाचताना पुढची पायरी डोळ्यांसमोरच असते, म्हणून ती आपल्याला सुचली असंच वाटतं. पेपरात ती समोर नसते. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम आग्रह हा, की उजळणी पुस्तक मिटून करायची. वाचून झालेल्या धड्याला मी उजळणी धरत नाही.

आठवडाभर हातात असेल तर पहिल्या दिवशी काहीही वाचू नका. प्रत्येक धड्यातून एक अशी दहा-बारा उदाहरणं कुणाकडून तरी कागदावर उतरवून घ्या आणि घड्याळ लावून सोडवायला बसा. झाल्यावर प्रत्येकासमोर खूण करा: सहज आलं, अडखळत आलं, आलंच नाही. चुकलं तिथे नुसती फुली मारून पुढे जायचं नाही. नेमकी कोणती ओळ चुकली ती शोधून तिच्याखाली रेघ ओढायची. सगळी मेहनत या रेघेसाठी आहे.

ती का, हे एका उदाहरणावरून सांगते. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली ती "मला समीकरणं येत नाहीत" असं म्हणतच. तीन दिवस ती समीकरणांचा धडा घोकत होती. मी तिला ३(क्ष − २) = २क्ष + ५ सोडवायला दिलं. तिने पहिल्या ओळीत लिहिलं, ३क्ष − २ = २क्ष + ५. तिथून पुढे सगळं बरोबर. पदं इकडून तिकडे नेली, चिन्हं बदलली, उत्तर काढलं क्ष = ७. मी म्हटलं, आता पडताळा घे. डावीकडे आले ३ × ५ म्हणजे १५, उजवीकडे १४ + ५ म्हणजे १९. ती गप्प झाली. मग स्वतःच वर वर जात पहिल्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "तीनने दोनालापण गुणायचं होतं." ३क्ष − ६ लिहिल्यावर क्ष = ११ आला, दोन्ही बाजू २७. तिला समीकरणं येतच होती. कंस सोडवताना बाहेरची संख्या आतल्या प्रत्येक पदाला गुणते, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी अर्ध्या तासाचा सराव पुरला. तिचे ते तीन दिवस वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

माझ्या अनुभवात वरच्या धड्यातली चूक बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरची असते. म्हणून उजळणीची सुरुवात चिन्हं आणि अपूर्णांक यांपासून करा, तुम्ही कितवीत का असेना.

चिन्हांमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक "ऋण ऋण धन" या पाठांतरातून येते. हा नियम गुणाकार-भागाकाराचा आहे. (−५) × (−३) = १५, हे बरोबर. पण तोच नियम मुलं बेरीज-वजाबाकीला लावतात आणि −५ − ३ चं उत्तर ८ लिहितात. इथे नियम बाजूला ठेवा आणि शब्दाकडे बघा. ऋण म्हणजे कर्ज. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या संख्यांचे नियम लिहिले तेही धन आणि ऋण याच शब्दांत. पाचाचं कर्ज होतं, आणखी तीनाचं झालं, तर कर्ज आठाचं, म्हणून −८. संख्यारेषेवर −५ वर बोट ठेवून आणखी तीन घरं डावीकडे गेलात तरी तिथेच पोचाल. घातांकातही असंच जपा. (−३)² म्हणजे ९, पण कंस नसेल तर −३² म्हणजे −९, कारण वर्ग फक्त तीनाचा होतो.

'कंचेभागुबेव' आपल्या सगळ्यांना पाठ असतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र चांगलं आहे, पण शेवटच्या दोन अक्षरांशी थांबा. १० − ४ + ३ मध्ये आधी बेरीज करून १० − ७ = ३ असं लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते. उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या, त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या. सूत्र पाठ असलेल्या मुलांचाच इथे घात होतो, म्हणून हे एक उदाहरण आजच वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

अपूर्णांकांबद्दल मला भरपूर बोलायचं असतं. २/३ + १/४ = ३/७ हे उत्तर चुकीचं आहे हे ओळखायला छेद समान करायचीही गरज नाही. २/३ निम्म्याहून जास्त आहे. त्यात आणखी काही मिळवलं, आणि ३/७ तर निम्म्याहून कमी! मिळवल्यावर कमी कसं होईल? ही अंदाजाची सवय लागली की निम्म्या चुका पेपर देण्याआधीच हाती लागतात. आता लसावि १२ घ्या. ८/१२ + ३/१२ = ११/१२, म्हणजे एकाहून थोडं कमी, आणि हे पटतंही. अपूर्णांक समीकरणात आले की आणखी एक खड्डा असतो. क्ष/२ + क्ष/३ = १० मध्ये ६ ने गुणताना मुलं डावी बाजू गुणतात आणि १० तसाच सोडतात. दोन्ही बाजू गुणा, ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२. पडताळा ६ + ४.

अपूर्णांक पक्के झाले की दशांश, गुणोत्तर आणि शेकडेवारी फार वेळ घेत नाहीत, कारण ती एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं आहेत. १/८, ०.१२५ आणि १२.५ टक्के यांतलं एक पाहिल्यावर बाकीची दोन तोंडातून यायला हवीत. निमा, पाव, पाऊण, एक-पंचमांश, एक-अष्टमांश एवढ्यांची तरी तोंडी उजळणी करा. शेकडेवारीत प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, "कशाचे टक्के?" १०० मध्ये २० टक्के वाढ झाली, १२० झाले. मग २० टक्के घट झाली तर पुन्हा १०० होत नाहीत, ९६ होतात, कारण दुसरे २० टक्के १२० चे आहेत.

भूमितीत व्याख्या तोंडपाठ करण्यापेक्षा हाताने आकृती काढा, कच्ची चालेल, पण प्रश्न वाचता वाचता काढा आणि दिलेली मापं तिच्यावरच लिहा. पायथागोरसच्या सिद्धांतात कर्ण कोणता हे न बघता मुलं सरसकट वर्गांची बेरीज करतात. कर्ण १३ आणि एक बाजू ५ दिली असेल तर १६९ मधून २५ वजा करायचे, दुसरी बाजू १२. कर्ण ही सगळ्यात मोठी बाजू असते, म्हणून उत्तर १३ पेक्षा मोठं आलं तर तिथेच थांबा. परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा घोळ होत असेल तर ६ × ४ आणि ८ × २ असे दोन आयत चौकटीच्या कागदावर काढा. दोघांची परिमिती २०, पण आत घरं मोजलीत तर एकात २४, दुसऱ्यात १६. एककांकडेही लक्ष द्या. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, पण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर.

सांख्यिकीचा भाग छोटा आहे, गुण हमखास देतो. मध्यक काढण्याआधी संख्या चढत्या क्रमाने लावा, बाकी चुकण्यासारखं फार नाही.

धडे असे एकदा झाले की पुढचे दोन-तीन दिवस उदाहरणं मिसळून सोडवा. हे मुलांना आवडत नाही, आणि मी तरीही करायला लावते. एकाच सरावसंचातली दहा उदाहरणं ओळीने सोडवताना कोणती रीत वापरायची हे संचाच्या नावावरूनच कळतं. पेपरात ते नाव लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक धड्यातली पाच-पाच उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा, एका डब्यात टाका आणि एकेक काढा. सोडवण्याआधी मोठ्याने म्हणा, "हे प्रमाणाचं" किंवा "इथे लसावि". ओळखता आलं की पुढचं काम हाताचं असतं. चुकलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाका, दोन दिवसांनी ती परत समोर येऊ दे.

शाब्दिक उदाहरणं आधी शेवटच्या वाक्यापासून वाचा. काय विचारलंय ते कळलं की त्याला क्ष म्हणा आणि मग वरून एकेक वाक्य भाषांतरित करा. "एका संख्येच्या तिपटीतून ५ वजा केले" म्हणजे ३क्ष − ५. पाच आधी लिहून ५ − ३क्ष करू नका.

आदल्या संध्याकाळी नवीन काही घेऊ नका. रेघ ओढलेल्या चुकांचं एक पान तयार झालेलं असेल, तेवढंच समोर ठेवा. प्रत्येक चुकीची ओळ हाताने झाका, बरोबर ओळ कोऱ्या कागदावर लिहा, मग हात काढून बघा. कंपासपेटीत पेन्सिलला टोक आहे का ते पाहा आणि झोपा. पेपरात कच्चं काम त्याच पानाच्या कडेला करा, म्हणजे चूक शोधायची वेळ आली तर सापडेल. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि समीकरणांपासून सुरू करा, कारण तिथे पडताळा लगेच घेता येतो. क्षच्या जागी उत्तर ठेवा, दोन्ही बाजू मोजा.