सामोअन शरीरयष्टीची जनुकं अभ्यासताय? या चुका टाळा

सीआरईबीआरएफ या जनुकाला ‘सामोअन लोकांचं (म्हणजे प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या लोकांचं) लठ्ठपणाचं जनुक’ म्हणणं आधी थांबवा. 2016 मध्ये 3,072 सामोअन लोकांच्या अभ्यासातून या जनुकातला एक बदल पुढे आला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, साधारण 1.36 ने वाढतो. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसात म्हणजे जवळजवळ 4 किलो. इथवर सगळे वाचतात आणि लिहायला बसतात. त्याच निबंधात, हा बदल असणाऱ्यांना मधुमेह कमी होतो, हेही आहे! पुढे उंची तपासली तेव्हा प्रत्येक प्रतीमागे सुमारे पाऊण सेंटिमीटर जास्त भरली. तान्ह्या बाळांत तर वाढ चरबीत नव्हे, हाडं-स्नायूंत दिसली. बीएमआयला यातला फरक कळत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा बीएमआय एकच होता, 22.3; शरीरातली चरबी मात्र अनुक्रमे 21.2 आणि 9.1 टक्के. म्हणून मी उंची, वजन आणि चरबी नेहमी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवते.

दुसरी चूक दरवर्षी भेटते. सरावासाठी मी विद्यार्थ्यांना प्रकाशित आकड्यांवरून एक तक्ता रचून देते. एका हुशार मुलीने तासाभरात उत्तर आणलं: या बदलाने माणूस बारीक होतो. दोन दिवस आम्ही तिचा कोड ओळीओळीने तपासला. कोड निर्दोष होता. शेवटी मी विचारलं, ‘‘अगं, तू मोजलंस काय?’’ या जागी डीएनएचं अक्षर ‘जी’ किंवा ‘ए’ असतं; ‘ए’ म्हणजेच आपला बदल. ‘ए’ मोजायच्या ऐवजी तिने ‘जी’च्या प्रती मोजल्या होत्या, म्हणून अधिकचं उणे झालं. सामोअन लोकांत ‘ए’चं प्रमाण 26 टक्क्यांच्या आसपास आहे, तुमच्याकडे 74 आलं, तर तिथेच थांबा. हे प्रमाण मी आधी कागदावर लिहिते, मगच संगणकाला हात लावते. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेली मुलं नेमकं हेच गाळतात.

एकाच गावात नातेवाईक भरपूर असतात. नात्यागोत्याचा हिशेब न धरता प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे बदल आणि वजन यांचा संबंध काढणारं गणित) चालवू नका.

जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांची 1962 ची ‘काटकसरी जनुका’ची कल्पना, म्हणजे दुष्काळात तगायला चरबी साठवणारी जनुकं टिकून राहिली ही, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नका.

आणि सगळा भार या एका बदलावर टाकू नका. बीएमआयमधल्या फरकापैकी जेमतेम 2 टक्के त्याच्या वाट्याला येतात. लठ्ठपणा वाढला तो गेल्या काही दशकांत, आयात खाणं आणि बैठं काम आल्यावर. हा बदल तर तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.